शेवंताचे हात

फुफीच्या, म्हणजे आत्याच्या, घरी गेल्यावर मी सगळ्यांत आधी काय शिकले असेन, तर गाड्यांचे आवाज ओळखायला. बांगड्या भरायला त्यानंतर शिकले. एसटी चढावर खोकत यायची आणि वळणावर भोंगा द्यायची. लाकडाचा ट्रक कण्हत यायचा. पोलीस चौकीची जीप मात्र एकाच सुरात, हळू यायची, आणि ती आली की रस्त्यावरची बोलणी आपोआप थांबायची. कुणी कुणाला गप्प बस म्हणत नसे. भजीवाल्याचा झारा तेवढा कढईत वाजत राही. फुफी हातातला बाईचा हात न सोडता मान खाली घालून बसायची आणि जीप वळणाआड गेली की, "हं, काय म्हणत होतीस बाई," असं म्हणून बोलणं जिथे तुटलं होतं तिथूनच जोडून घ्यायची. मला ते कधी जमलं नाही. आजही गोंडपिपरीत मुलाच्या पक्क्या घरात बसलेली असते आणि बाहेर एखादी गाडी मंदावली की माझा हात कडीकडे जातो. सून म्हणते, "अम्मी, गॅसवाला आहे." असतोही गॅसवालाच. पण हात जायचा तो जातो.

माझं माहेर अचलपूर. चौघी बहिणी, अब्बा सुताराच्या हाताखाली रंधा मारायचे, अम्मीला दमा. सहावीत असताना माझी शाळा सुटली. सुटली म्हणजे कुणी काढली नाही, एक दिवस अम्मी उठलीच नाही अंथरुणातून आणि चुलीपुढे मी बसले, ती बसलेच. त्याच वर्षी अब्बांची बहीण, जैनबफुफी, ईदला आली आणि जाताना म्हणाली, "एक पोरगी मला दे. मला मूलबाळ नाही, तुला खूप आहेत." अब्बांनी मला दिलं. आता हे वाचून कुणाला कसं वाटेल ठाऊक नाही, पण मला तेव्हा राग आला नव्हता. फुफीने मला पोटच्या मुलीसारखं ठेवलं, हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे जे काही आहे ते तिच्यामुळेच लिहिता येतं. एवढंच की अचलपूरहून निघाले ती बस बदलत बदलत, झाडी दाट होत होत अहेरी आली, आणि अहेरीच्याही आत आणखी एक बस. तिथे उतरल्यावर मला वाटलं, इथून परत जायचा रस्ता मला एकटीला कधी सापडणार नाही. त्या बाजारगावाचं नाव लिहीत नाही. माझी माणसं अजून तिथे आहेत.

फुफीचं घर म्हणजे पुढे दुकान, मागे एक खोली, वर कवेलू. शिवाय बाजाराच्या दिवशी बाजारात माल मांडायला आमची एक ठरलेली जागा. फुफा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. दुकानात भिंतीला लांब काठ्या आडव्या बांधलेल्या आणि त्यांच्यावर काचेच्या बांगड्या ओवलेल्या, हिरव्या, लाल, मोरपंखी. ट्रक गेला की सगळं दुकान बारीक किणकिणायचं. तो आवाज मला आधी फार आवडला, मग त्याची भीती बसली, कारण जीप थांबून चालू झाली तरी तसंच किणकिणे. सकाळी भाताची पेज आणि जवसाची चटणी, दुपारी लाखोरीची डाळ, बाजाराच्या दिवशी नदीची मासोळी, आणि जुम्म्याला फुफी अम्मी करायची तसा चिंचेचा खट्टा करायची, मला घर आठवू नये म्हणून. त्यानेच जास्त आठवायचं, पण मी कधी सांगितलं नाही. घरात आम्ही हिंदी बोलायचो, गिऱ्हाइकांशी मराठी. माझी मराठी अचलपूरकडची, इथल्या बायकांना तिचं हसू यायचं. त्यांनी माझं नाव वऱ्हाडीण ठेवलं.

बांगडी भरणं हे बोलत बोलत करायचं काम आहे. बाई समोर बसते, हात पुढे करते, आपण साबणाचं पाणी लावतो, बोटं एकत्र आवळतो, अंगठ्याची गाठ आत दाबतो आणि बांगडी चढवतो. तिला दुखतं. दुखू नये म्हणून तिला बोलतं ठेवायचं. त्यामुळे गावोगावच्या बायका फुफीशी जे बोलत ते आपल्या सासूशीही बोलत नसत. फुफी स्वतः विधवा, तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत मोकळे, पण लग्नाच्या पोरीला चुडा भरायचा तर तिच्याच हातचा हवा असा आसपासच्या गावांतला रिवाज होता. भरून झालं की वर एक बांगडी फुफीकडून, धन्याच्या नावाची. ती भरली की बाई वाकून नमस्कार करी. हिंदू असो, गोंड असो, कुणी असो. आणखी एक, आमच्या धंद्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत. वाढली म्हणतात. सबंध आयुष्यात मी फुफीच्या तोंडून फुटली हा शब्द ऐकला तो एकदाच.

शेवंता दर बाजाराला यायची. जंगलातल्या एका गावची, पहाटे निघून ऊन चढायच्या आत पोचायची, डोक्यावर मोहफुलांची नाहीतर चारोळीची टोपली. माल विकला की आमच्या दुकानाच्या पायरीवर बसून काळा चहा प्यायची. माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनीच मोठी असेल. मला छळायला तिला फार आवडे.

"काऊन वं वऱ्हाडीण, तुह्या गावात झाडं नाईत म्हणते? मंग लोकं भांडण झाल्यावर जाते कुठी?"

"घरातच बसतात."

"अन् मंग?"

"मग अजून भांडतात."

ती इतकी हसायची की चहा सांडायचा. तिचा नवरा दसरू बांबू तोडायला जायचा. तो दुकानात येत नसे, पुरुष येत नसतच, पण समोर भजीवाल्यापाशी उभा राहून तिची वाट बघे. फुफी म्हणे, "तुझा पहारेकरी आला." शेवंता मागे न बघता म्हणे, "राहू दे उभा. भजे खाऊन राह्यला असंल. त्याले बायकोपेक्षा भजे गोड."

त्या दिवसांत आत जंगलात बंदूकवाले होते, हे लपवण्यासारखं नाही. ते गावात येत, भात मागत, आणि बंदूक बघून कुणी नाही म्हणत नसे. मग पोलीस येत आणि विचारत, भात कुणी दिला. भात रांधतं कोण, तर बाई. म्हणून विचारपूस बाईपासून सुरू होई. एकदा पावसाळा सरल्यावर चौकीची माणसं शेवंताच्या गावात गेली आणि दसरूला घेऊन आली. शेवंता दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीवर गेली, नवऱ्याला भाकरी द्यायला. तिला आत घेतलं आणि त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी सोडलं.

ती घरी गेली नाही. ती आमच्याकडे आली. मी पायरी धूत होते. आधी मला तिचे पाय दिसले, मग वर बघितलं तर तिने दोन्ही हात पदराखाली धरले होते, जसं एखादं कोंबडीचं पिल्लू लपवून आणावं. फुफीने मला दुकानाचं दार लोटायला सांगितलं. आत खोलीत बसवल्यावर शेवंताने हात बाहेर काढले. एकही बांगडी नव्हती. मनगटांवर दोरीचा काळानिळा वळ, सूज कोपरापर्यंत, आणि काचेचे बारीक तुकडे कातडीत रुतलेले. खिडकीच्या गजाला बांधून ठेवलं होतं तिला. तिथल्या जमादाराने दांड्याने हातांवरच मारलं होतं, बांगड्यांवर, मुद्दाम, आणि म्हणाला होता, मोकळ्या हातांची आतापासून सवय कर. बाकीचं तिने फुफीच्या कानात सांगितलं. मी पाणी तापवत होते, मला ऐकू आलं नाही. पुढेही मी कधी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही, म्हणून इथेही लिहीत नाही.

फुफीने सुईने एकेक तुकडा काढला. हळद लावली. शेवंता रडत नव्हती. तिचं एकच चाललं होतं, "मी घरी कशी जाऊ? बुढी पाहिल तं काय म्हणंल? तो जित्ता आहे ना फुफी, आत आहे तो. मी अशी कशी जाऊ?" बुढी म्हणजे सासू. धनी जिवंत, तोही चौकीत, आणि बाई मोकळ्या हातांनी उंबरा ओलांडणार. सासू तिथेच छाती पिटायला बसली असती, गाव गोळा झालं असतं. तेव्हा आमच्या दोघींच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. डॉक्टर नाही, कागद नाही, साक्ष नाही. बांगडीवाल्याच्या घरात जे सुचायचं तेच सुचलं. फुफीने काठीवरच्या हिरव्या बांगड्या काढल्या, नेहमीपेक्षा मोठ्या मापाच्या. उजवा हात तिने घेतला, डावा मला दिला. आम्ही कोपराच्या खालपर्यंत हात भरून टाकले, अगदी दाट, आतलं काही दिसू नये असे. शेवंताने ओठ दातांत धरून ठेवला होता. शेवटी फुफीने वरची बांगडी चढवली, दसरूच्या नावाची, आणि म्हणाली, "जा आता. येईल तो." शेवंताने वाकून नमस्कार केला. आम्हाला वाटलं, आज आपण एक चांगलं काम केलं.

परवा नातीने मोबाइलवर काहीतरी दाखवलं. कुठल्या देशातलं ते तिलाही सांगता येईना. रस्त्यावर पोलीस एका बाईला ओढत नेत होते. बोटाने वर सरकवलं की दुसरी बाई, दुसरा देश, डोकं झाकलं नव्हतं म्हणून गाडीत कोंबत होते. मग आपल्याकडचीच एक, शेत मोजायला आलेल्यांपुढे आडवी झोपली होती. नात चेहरे बघत होती, मी हात बघत होते. भाषा वेगळी, कपडे वेगळे, पण बाईला धरतात ते सगळीकडे मनगटालाच. नात म्हणाली, "दादी, बंद करू का?" मी म्हटलं, नको, थांब. पुढे काय होतं ते कुणी दाखवत नाही, मला पुढचं बघायचं असतं. तिला घरी कोण घेऊन गेलं, तिने हात कुठे लपवले.

पुढचं आमच्याकडे असं झालं. चंद्रपूरहून एक वकीलबाई आमच्या भागात येत असत. लहान चणीच्या, भरभर बोलणाऱ्या. त्यांच्या कानावर गेलं आणि त्या शेवंताला घेऊन दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी हात बघितले ते असे, लांबून. म्हणाले, "बाई, हातभर बांगड्या आहेत आणि सगळ्या शाबूत आहेत. दांड्याने मारलं असतं तर एक तरी फुटली नसती का?" आणि तसं लिहून दिलं, मारहाणीची खूण नाही. वकीलबाई म्हणाल्या, बांगड्या काढून बघा. डॉक्टर म्हणाले, काढ. शेवंताने दोन्ही हात पोटाशी घेतले आणि काढू दिल्या नाहीत.

चौकीच्या हातात आता तो कागद आला. फौजदार लोकांत बोलायला लागला की बाई खोटं बोलते, हिच्यावरच खोट्या तक्रारीची केस करतो, आणि नवरा तर सुटतच नाही. वकीलबाईंनी वर कुठे कुठे अर्ज केले आणि चौकशीला एक साहेब यायचं ठरलं. वनखात्याच्या विश्रामगृहात ते एक दिवस बसणार. त्या दिवशी शेवंताचे हात त्यांना दिसले तर तक्रार उभी राहणार आणि दसरूलाही त्यांच्यापुढे आणावं लागणार. नाही दिसले तर दोघंही गेले. सगळं एवढ्यावर येऊन थांबलं होतं, आणि ते एवढं आम्हीच आमच्या हातांनी झाकून ठेवलं होतं.

वकीलबाई आमच्या खोलीत चटईवर बसून शेवंताला समजावत होत्या. शेवंताचे हात आता इतके सुजले होते की बांगड्या कातडीत बसल्या होत्या. सरकवून निघाल्या असत्या तर निघाल्या असत्या, नाहीतर फोडाव्या लागल्या असत्या.

"तो आत असताना मी माह्या हातानं बांगड्या फोडू?" शेवंता म्हणाली. "बाई, तुमी शिकलेल्या आहा. तुमचं बरोबर असंल. पण त्याच्या जिवावर नाई घेत मी."

फुफीने आपले दोन्ही हात तिच्यापुढे धरले. "हे बघ. तुझे फुफा गेले तेव्हा माझे हात इथवर भरलेले होते. लाखेचा चुडा होता वर. म्हणून राहिले का ते?"

शेवंता फुफीच्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमचे गेले. माहा आहे अजून." फुफीने हात मागे घेतले.

बाजाराच्या आदल्या दिवशी जमादारीणबाई दुकानात आल्या. ज्याने शेवंताला मारलं त्या जमादाराची बायको. साताऱ्याकडच्या, माझ्यासारख्याच लांबून इथे येऊन पडलेल्या, म्हणून मला त्यांच्याबद्दल ओढ होती. नेहमी लाल बांगड्या घ्यायच्या. त्या दिवशीही बसल्या, हात पुढे केला आणि दाराकडे बघत म्हणाल्या, "फुफी, ती बाई सुटली त्या दिवशी तुम्ही अहेरीला माल आणायला गेला होता ना? दुकान बंद होतं ना?"

फुफी त्यांची जुनी दोन काकणं उतरवत होती. मनगटाच्या वर, नेहमी पदर असतो तिथे, चार बोटांचे चार पिवळे डाग होते. आम्हाला ते नवीन नव्हते. फुफी त्यांच्या बांगड्या नेहमी थोड्या वर, दाट भरायची, आणि का ते कधी कुणी बोललं नव्हतं. आज फुफीने हात तसाच धरून ठेवला आणि भरायला सुरुवात केली नाही.

"दुकान उघडं होतं बाई," ती म्हणाली.

"बंद होतं म्हणायला काय जातंय? बाजारातली जागा कुणाच्या हातात आहे, तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

जमादारीणबाईंनीही आता आपल्या हाताकडे बघितलं, जसं काही ते डाग त्यांना पहिल्यांदाच दिसले.  मग त्यांनी हात सोडवून घेतला, पदर खाली ओढला. "मी सांगितलं," त्या म्हणाल्या. "सांगायला पाठवलं होतं, सांगितलं." आणि बांगड्या न भरताच उठून गेल्या. मला त्यांच्या मागे जावंसं वाटलं. कशाला, ते कळलं नाही, म्हणून गेले नाही.

त्याच संध्याकाळी फुफी मला म्हणाली, "तू अचलपूरला जा चार दिवस. उद्याच्या गाडीत बसवते." मी पेटी बांधायला घेतली. दोन कपडे ठेवले आणि तशीच बसून राहिले. इथे मला कोण काय करील याची भीती होतीच, रोज होती. पण शेवंताचा डावा हात मी भरला होता. तो काढायची वेळ आली तर फुफी एकटी दोन हात कसे धरणार, हाच विचार डोक्यात फिरत राहिला. मी कपडे परत खुंटीवर टांगले. फुफीने बघितलं आणि रात्री माझ्या ताटात खट्टा जास्त वाढला.

साहेब आले त्या दिवशी विश्रामगृहाच्या ओसरीत एक टेबल, त्यामागे चौकशीचे साहेब, वयस्क, चष्मा पुसत बसलेले. एका बाजूला त्यांचा कारकून, दुसऱ्या बाजूला खुर्चीत चौकीचा फौजदार. अंगणात शेवंताच्या गावच्या बायका झाडाखाली. वकीलबाई उभ्या. साहेबांनी डॉक्टरांचा कागद वाचला आणि शेवंताला म्हणाले, "बाई, हातावर मार आहे म्हणता. मग हात दाखवायला का तयार नाही?"

शेवंता खाली बसली. का बसली ते आम्हालाही लगेच कळलं नाही. मग तिने फुफीकडे बघून हात पुढे केले, दुकानात करायची तसेच. "काढा," ती म्हणाली. "फोडू नोका. काढा."

फुफी तिच्यासमोर बसली, मी डाव्या बाजूला. वकीलबाईंनी शिपायाकडून साबण आणि पाण्याचा तांब्या मागवला. आम्ही सुरुवात केली. चढवताना बाईला बोलतं ठेवायचं असतं, पण काय बोलणार. पहिली बांगडी सूज ओलांडून येईना. फुफी एकेक बोट आवळत होती, थांबत होती, पुन्हा पाणी लावत होती. साहेब सुरुवातीला कागद चाळत होते, मग चाळायचे थांबले. एक निघाली, दुसरी निघाली. शेवंताच्या कपाळावरून घाम गळत होता. आणि माझ्या हातातली, अंगठ्याच्या हाडावर आलेली, कड्कन गेली. तिच्या कातडीवर रक्ताची बारीक रेघ उमटली.

मी हात सोडला. शेवंता माझ्याकडे बघत होती, रागाने नाही, काहीतरी ऐकायची वाट बघितल्यासारखी. मला शब्द सापडत नव्हता. फुफी म्हणाली, "फुटली." वाढली म्हणाली नाही.

फौजदार खुर्चीत पुढे सरकला. "बघा साहेब. आत्ता तुमच्यासमोर जखम करून राहिल्या. हेच मग आमच्यावर टाकतील."

माझे कान तापले. मी अशा माणसांसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं, जीप आली की मान खाली घालणारी मी. पण माझ्याच हातून रक्त निघालं होतं आणि ते कोणत्या जागेवरून निघालं ते मला समोर दिसत होतं. "साहेब," मी म्हटलं, "हे रक्त माझ्या हातून निघालं. खालचं काळं आधीचं आहे. आम्ही बांगड्या भरल्या तेव्हाही होतं. झाकायलाच भरल्या आम्ही, तिला घरी जाता यावं म्हणून."

"तू कोण?"

"बांगड्या भरते."

फौजदार हसला. "ही अचलपूरची आहे साहेब, हिला इथलं काय माहीत."

तेवढ्यात शेवंता उठली. आमच्या दोघींच्या हातांतून तिने आपले हात काढून घेतले. ओसरीला सिमेंटची कड होती. तिने तिच्यावर डावा हात आपटला, मग उजवा, मग पुन्हा डावा. जोरात नाही. बाई कपडे धुताना आपटते तसं, आणि प्रत्येक वेळी हिरवी काच उडून अंगणात पडत होती. झाडाखालच्या बायकांपैकी एकीने हुंदका दिला.  हात मोकळे झाल्यावर ती टेबलापाशी गेली आणि दोन्ही हात साहेबांच्या कागदांवर ठेवले. ताजं रक्त वरून वाहत होतं आणि त्याच्या खाली दोरीचा वळ, कडेने पिवळा, मधे काळा, खपली धरलेला. दोन्ही एकाच हातावर होते.

"आता पाहा साहेब," ती म्हणाली. "आजचं कोणतं अन् त्याचं कोणतं, ते तुमी लिवा."

साहेबांनी कागद तिच्या हाताखालून ओढला नाही. तो रक्ताने भरत होता तरी तसाच राहू दिला. कारकुनाला म्हणाले, "दुसरा घे. लिही." मग फौजदाराकडे न बघता म्हणाले, "हिच्या नवऱ्याला इथे आणा. आज. माझ्यासमोर."

दसरूला संध्याकाळच्या आत आणलं. तो चालत आला, पण एक पाय ओढत होता. त्याने आधी शेवंताचे हात बघितले आणि तिथेच थांबला. मला त्या क्षणाची फार धास्ती होती. वाटलं, आता हा काय म्हणतो. तो तिच्याजवळ गेला आणि आपल्या डोक्याचं फडकं सोडून तिच्या मनगटाला गुंडाळू लागला. ते नीट बसेना. फुफीने ते त्याच्या हातून घेतलं आणि बांधलं.

पुढचं थोडक्यात सांगते. जमादाराची बदली झाली, एवढंच झालं. बदली म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी गावच्या बायकांपुढे त्याला नेऊन ठेवलं. जमादारीणबाई जाताना आमच्या दुकानावरून गेल्या, थांबल्या नाहीत. बाजारातली आमची जागा गेली. पोलिसांच्या घरच्या बायका यायच्या बंद झाल्या, दुकानावर भागेना आणि आम्ही वर्षभर गावोगाव पायी टोपली घेऊन फिरलो. फुफीची कंबर त्याच वर्षी गेली. तक्रारीचं काय झालं ते मला आजही पूर्ण सांगता येत नाही, वकीलबाई गेल्या, साहेबही निवृत्त झाले असतील. पण दसरूला पुन्हा कुणी न्यायला आलं नाही, आणि शेवंतावर केस झाली नाही. पुढे माझं लग्न गोंडपिपरीत झालं तेव्हा माझे हात फुफीने भरले आणि भरताना मला बोलतं ठेवायच्या ऐवजी स्वतःच रडत बसली.

शेवंताने काचेची बांगडी पुन्हा घातली नाही. हात बरे झाले, सूज गेली, फुफीने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. ती बाजाराला येतच राहिली, मोकळ्या हातांनी, कपाळाला मोठं कुंकू. गावात बोलणं झालंच. सासूने म्हणे दोन महिने तिच्या हातचं पाणी घेतलं नाही, मग घेतलं. बाजारात आम्ही तेव्हा रस्त्याच्या कडेला टोपली मांडून बसायचो. एकदा शेवंता माझ्याशेजारी बसून चहा पीत होती आणि दसरू समोर भजी खात उभा होता, पाय अजून थोडा आखडलेला. लांबच्या गावची एक म्हातारी बांगड्या भरायला आली. तिची नजर शेवंताच्या हातांवर गेली आणि ती एकदम हळवी झाली.

"अवं माय," ती म्हणाली, "इतक्या लहान वयात? कधी गेला तुहा धनी?"

शेवंताने नुसती हनुवटी समोर केली. म्हातारीने वळून बघितलं. दसरूने घास गिळला, बोटं धोतराला पुसली आणि लंगडत आमच्याकडे आला.

"मी जित्ता हाओ बुढे," तो म्हणाला. "काय इचारायचं ते मले इचार."

मग त्याने भज्यांचा कागद शेवंतापुढे धरला, आणि तिने दोन उचलली.